ट्विन आउटबोर्ड: हायड्रॉलिक स्टिअरिंगचा दुसरा सिलिंडर कुठे बसवायचा?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. बोट पावसाळ्यासाठी वर ओढून घेतलीये, आता नारळी पौर्णिमेपर्यंत वेळ आहे म्हणून हा धागा काढतोय. बोट २८ फुटी फायबर, मागे १५० एचपीची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेली इंजिनं), उजव्या इंजिनाचा प्रॉपेलर राइट हँड आणि डाव्याचा लेफ्ट हँड. मांडवा ते गेटवे चार्टर मारतो, चार सीझन झाले. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, एकच सिलिंडर, तो उजव्या इंजिनाच्या पुढ्यात बसवलाय आणि तिथून टाय बारने, म्हणजे आडव्या दांड्याने, डावं इंजिन जोडलंय.

तर प्रॉब्लेम असा की या सीझनला शेवटी शेवटी चाक जड व्हायला लागलं, आणि वीस नॉटच्या वर गेलो की डावं इंजिन थरथरतं, मागे बसलेल्या खलाशाला नुसत्या डोळ्याने दिसतं की उजव्याची टोपी स्थिर आहे आणि डाव्याची डुगडुगतेय. तीन मिस्त्री बघून गेले. पहिला म्हणाला डाव्या इंजिनाला दुसरा सिलिंडर लाव. दुसरा म्हणाला आहे तोच सिलिंडर काढून दोन इंजिनांच्या बरोब्बर मध्ये घे म्हणजे दोन्हीकडे सारखा जोर लागेल. तिसरा म्हणाला दोन सिलिंडर लावले की टाय बारची कटकटच नको, काढून टाक. आता कोणाचं ऐकू? बोटीत माणसं बसतात, लहान पोरं असतात, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाहीये. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी सांगा प्लीज.

स्पॅनर
खाडीकाठ भाऊ, मी वास्कोला आउटबोर्ड रिगिंगचं काम करतो, बरीच वर्षं झाली. आधी एक पैसाही खर्च करू नका. सिलिंडर कुठे लावायचा हा नंतरचा प्रश्न, आत्ताचा सिलिंडर कशाशी झगडतोय ते आधी बघा.

बोट वर आहे ना, मग टाय बार एका बाजूने सोडवा, सिलिंडरचा लिंकही इंजिनाच्या आर्मपासून सोडवा. आता दोन्ही इंजिनं सुटी झाली. एकेक इंजिन हाताने डावीकडे-उजवीकडे ढकला. चांगलं इंजिन एका माणसाच्या हाताने सावकाश पण अडखळता फिरतं... म्हणजे न अडखळता, सॉरी, मोबाईलवरून टाइप करतोय. जर खांदा लावायला लागला तर स्विव्हल ब्रॅकेटमधलं (ज्यावर इंजिन डावी-उजवीकडे वळतं त्यातलं) ग्रीस सुकून दगड झालंय असं समजा. मग कितीही सिलिंडर लावा, तुम्ही फक्त त्या दगडाला जास्त जोराने ढकलणार.

दुसरं, टाय बार जोडलेला असताना कोणाला तरी एक इंजिन घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही दुसरं हलवा. बारच्या दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटवर बोट ठेवून बघा किती प्ले, म्हणजे सैलपणा, लागतो. डावं इंजिन थरथरतंय आणि उजवं नाही, हे वाचून माझा संशय सगळा तिथेच आहे.

खाडीकाठ
काका, करतो उद्याच. पण एक समजून घ्यायचंय, उजवं का नाही थरथरत मग?

स्पॅनर
कारण उजव्याला सिलिंडरने धरून ठेवलंय. तुमचा फ्रंट माउंट सिलिंडर कसा असतो बघा, टिल्ट ट्यूबमधून (ज्या आडव्या नळीभोवती इंजिन वर उचललं जातं) एक सपोर्ट रॉड जातो, त्याला दोन बाजूंना ब्रॅकेट, त्यात सिलिंडरचा दांडा पक्का अडकवलेला. दांडा जागेवरच राहतो आणि सिलिंडरची बॉडी त्याच्यावरून इकडे-तिकडे सरकते, बॉडीला लिंक, लिंकला इंजिनाचा आर्म. पुढे चाकाखालच्या पंपात चेक व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे तुम्ही चाक फिरवल्याशिवाय तेल पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. म्हणजे उजवं इंजिन तेलाच्या कुलपात आहे. डाव्याला हे कुलूप थेट नाही, त्याला जे काही धरलंय ते टाय बारने. बारमध्ये जेवढा प्ले तेवढं डावं इंजिन मोकळं. बंदरात हळू चालताना कळत नाही, वेग वाढला की पाणी त्याला तेवढ्या मापात हलवत बसतं, आणि हलल्याने प्ले अजून वाढतो.

दर्याची_लेक
मध्येच विचारते, राग मानू नका. आमची तारकर्लीला डायव्हिंगची बोट आहे, दोन ११५. गेल्या वर्षी आम्ही दोन सिलिंडर करून घेतले, प्रत्येक इंजिनाला एकेक, आणि करणाऱ्याने टाय बार काढूनच टाकला, म्हणाला आता गरज नाही. त्यानंतर स्टिअरिंग चांगलं हलकं झालं हे खरं. पण दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे चाकाचे फेरे भरपूर वाढले, आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फेरे व्हायचे ते आता जवळपास दहा, आणि दुसरं म्हणजे कधी कधी इंजिनं एकमेकांना समांतर दिसत नाहीत. एक सरळ, एक थोडं तिरकं. चाक पूर्ण टोकाला नेऊन परत आणलं की जुळतात. मी समजत होते की हवा राहिली असेल.

स्पॅनर
ताई, राग कसला, बरं झालं विचारलंत. पण ही बोट टाय बार परत लागल्याशिवाय पाण्यात टाकू नका, एकदाही नको. हवेचा प्रश्न नाहीये हा.

दोन फुगे एकाच नळीला लावून फुंकून बघा. दोन्ही सारखे फुगत नाहीत, जो सैल आहे तो आधी फुगतो. तुमचे दोन सिलिंडर एकाच पंपावर टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडलेत ना, तेलाला काय माहीत कोणतं इंजिन किती फिरवायचं, जिथे विरोध कमी तिथे ते आधी जाणार. ज्या इंजिनात ग्रीस ताजं ते आधी फिरतं, दुसरं मागून येतं. टोकाला गेल्यावर पहिलं अडतं म्हणून उरलेलं तेल दुसऱ्याला मिळतं आणि जुळल्यासारखं दिसतं, तुम्ही जे लिहिलंय तेच.

आता याहून महत्त्वाचं. या दोन सिलिंडरच्या डाव्या बाजू एकमेकांना जोडलेल्या आणि उजव्या बाजू एकमेकांना जोडलेल्या. समजा डावं इंजिन बाहेर डावीकडे रेटलं गेलं आणि उजवं बाहेर उजवीकडे. एका सिलिंडरमधून निघालेलं तेल सरळ दुसऱ्यात जातं, पंपाकडे जायची गरजच नाही, चेक व्हॉल्व्हला पत्ताही लागत नाही. म्हणजे दोन्ही इंजिनं एकत्र एकाच दिशेने वळण्याला कुलूप आहे पण एकमेकांच्या उलट दिशेने फाकायला काहीही अडवणारं नाही. आणि तुमचे प्रॉपेलर एकमेकांच्या उलट फिरणारे असतील तर ते इंजिनांना ढकलतात ते नेमकं असंच, एकाला या बाजूला आणि दुसऱ्याला त्या बाजूला. एका सिलिंडरवर टाय बार तुटला तर निदान एक इंजिन तरी धरलेलं राहतं. दोन सिलिंडर असे जोडून बार काढला तर दोन्ही सुटी. हे मी कळकळीने सांगतोय.

दर्याची_लेक
बापरे. आमचे प्रॉपेलर उलटच आहेत. बोट शेडमध्येच आहे, डायव्हिंग बंद आहे आत्ता. उद्याच टाय बारची ऑर्डर देते. नवा घ्यायचा की जुना पडलाय तो चालेल?

स्पॅनर
जुन्याचे बॉल जॉइंट हाताने फिरवून बघा, खरखर किंवा सैलपणा असेल तर नवाच घ्या. आणि तुमच्या सिलिंडरच्या कंपनीच्या चार्टमधूनच घ्या, एका सिलिंडरचा बार वेगळा, दोन सिलिंडरचा वेगळा असतो, इंजिनांच्या सेंटरमधलं अंतर पण बघावं लागतं. पार्ट शोधताना नावांचा घोळ होतो तो लक्षात ठेवा, टेलिफ्लेक्स या स्टिअरिंग बनवणाऱ्या कंपनीचं मरीन खातं २०११ ला विकलं गेलं, त्याचं सीस्टार झालं, मग २०१७ ला डोमेटिकने घेतलं. त्यामुळे एकाच घराण्याच्या वस्तूवर तीन नावं सापडतात.

फ्लोरिडाकर
नमस्कार, मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या फोर्ट लॉडरडेलजवळ एका रिगिंग यार्डात कामाला. इथे तीन आणि चार इंजिनांच्या बोटी रोजच्या. स्पॅनरदादांनी टाय बारबद्दल लिहिलंय त्याला शंभर टक्के दुजोरा.

आमच्याकडे तीन आउटबोर्ड असतील आणि साधं हायड्रॉलिक असेल तर बहुतेकदा दोन सिलिंडर लावतात ते बाहेरच्या दोन इंजिनांना, मधल्याला नाही, आणि मधलं दोन टाय बारनी दोन्ही शेजाऱ्यांना जोडतात. का, तर मधल्या इंजिनाला एकच सिलिंडर लावला तर बाहेरचं प्रत्येक इंजिन एका बारच्या टोकाला लोंबकळतं. बाहेरून धरलं की सगळी रांग दोन्ही टोकांना बांधलेली राहते. चार इंजिनांना पण तोच विचार, काही जण चारही इंजिनांना सिलिंडर लावतात.

आता खाडीकाठ यांच्या दुसऱ्या मिस्त्रीचं, की सिलिंडर दोन इंजिनांच्या मधोमध घ्या. दिसायला बरोबर वाटतं पण आउटबोर्डला ते चालत नाही, कारण इंजिन टिल्ट होतं. फ्रंट माउंट सिलिंडर इंजिनाच्या स्वतःच्या टिल्ट ट्यूबवर बसतो म्हणून इंजिन उचललं की तोही त्याच अक्षाभोवती बरोबर वर येतो. मध्ये ट्रान्समला (बोटीच्या मागच्या भिंतीला) पक्का केला तर इंजिन ट्रिम करताना, म्हणजे त्याचा वर-खाली कोन बदलताना, लिंकचा कोन बदलणार, कुठेतरी अडणार किंवा वाकणार.

जुना_सुकाणू
मी आउटबोर्डवाला नाही, इनबोर्ड ट्विन स्क्रू (इंजिनं बोटीच्या आत, प्रॉपेलर दोन) लाँचवर हयात गेली, पण त्या दुसऱ्या मिस्त्रीच्या डोक्यात हे कुठून आलं असेल ते सांगतो. आमच्याकडे दोन सुकाणू, दोन टिलर आर्म (सुकाणू फिरवणारे दांडे), मध्ये टाय बार, आणि सिलिंडर एकाच आर्मवर किंवा मधल्या आर्मवर. तिथे टिल्टचा प्रश्नच नाही म्हणून जागा निवडता येते.

पण तिथेही जागा मनाला येईल तशी निवडत नाहीत. सुकाणू सरळ असताना सिलिंडर आर्मला काटकोनात आणि दांडा अर्ध्यावर आला पाहिजे. सुकाणू दोन्हीकडे ३५ अंश फिरवायचं असेल तर आर्मच्या लांबीच्या दुप्पट गुणिले साईन ३५ एवढा स्ट्रोक लागतो. आर्म २०० मिलिमीटर असेल तर २२९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ९ इंची सिलिंडर. आर्म लांब घेतला आणि सिलिंडर तोच ठेवला तर सुकाणू पूर्ण वळत नाही, आखूड घेतला तर जास्त वळून आतच आदळतं आणि चाकही जड होतं. काटकोन चुकला की एका बाजूला ३५ आणि दुसऱ्या बाजूला २८ असं काहीतरी होऊन बसतं, मग तांडेल म्हणतो बोट उजवीकडे नीट वळत नाही आणि सगळे सुकाणूच्या पात्याला दोष देतात. लहान बोटींच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगसाठी आयएसओ १०५९२ म्हणून मानक आहे, ज्याला आवड असेल त्याने ते वाचावं.

दर्याची_लेक
काका, मग कॅटामरानला काय करतात? दोन हल, मध्ये बोगदा, टाय बार जाणार कुठून? गोव्याला पाहिलीये अशी बोट, बार दिसला नाही.

जुना_सुकाणू
चांगला प्रश्न विचारलास पोरी. तिथे सिलिंडर टी लावून नाही, एकापाठोपाठ एक जोडतात. पंपातून तेल पहिल्या सिलिंडरमध्ये, पहिल्याच्या दुसऱ्या तोंडातून निघालेलं तेल दुसऱ्या सिलिंडरमध्ये, तिथून परत पंपाकडे. पहिला जेवढा सरकला तेवढंच तेल दुसऱ्याला मिळतं म्हणून दोन्ही सारखेच सरकतात. याला लिक्विड टाय बार म्हणतात, तेलाचाच बार झाला तो. फेरे पण एका सिलिंडरएवढेच राहतात, जोर मात्र जास्त लागतो कारण एवढ्याशा तेलाने दोन्ही ढकलायचे. यात दोन्ही तोंडांना सारखं तेल घेणारे सिलिंडरच लागतात, आणि सीलमधून थेंब थेंब झिरपून काही दिवसांनी इंजिनं एकमेकांपासून सरकतातच, म्हणून मध्ये एक व्हॉल्व्ह ठेवतात, तो उघडून जुळवून परत बंद करायचं. तुझ्या बोटीला बार लावता येतोय ना, मग बारच लाव. लोखंड झिरपत नाही.

खाडीकाठ
उघडलं आज सगळं. काय सांगू. उजवं इंजिन एका हाताने फिरलं. डावं मी आणि भाचा दोघांनी मिळून ढकललं तेव्हा करकरत फिरलं. स्विव्हलच्या ग्रीस निप्पलवर रंग चढलेला होता, म्हणजे चार वर्षांत तिथे ग्रीस गेलेलंच नाही, आणि प्रत्येक सर्व्हिसला मी ग्रीसिंगचे पैसे दिलेत. माझंही चुकलं, मी कधी वाकून बघितलं नाही. टाय बारचा डावीकडचा बॉल जॉइंट हातात घेतला तर टकटक वाजतो, इंजिनच्या मागच्या टोकाला मोजला तर सहा मिलिमीटर प्ले. सपोर्ट रॉडला टिल्ट ट्यूबच्या तोंडाशी गंजाचे खड्डे आहेत. सिलिंडरच्या एका टोकाला सीलपाशी तेलाचा ओलसरपणा, थेंब पडत नाहीये पण कापड लावलं तर डाग येतो.

म्हणजे चाक जड होतं ते डाव्या इंजिनामुळे, आणि ते सगळं ओझं त्या सैल बारमधून उजवीकडचा एकटा सिलिंडर ओढत होता. बरोबर ना?

स्पॅनर
अगदी बरोबर. आता ग्रीस भरा, जुनं काळं बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत भरा, मध्येमध्ये इंजिन फिरवत राहा. नाहीच सुटलं तर स्विव्हल उघडावं लागेल, पण बहुतेक सुटेल. निप्पलच ब्लॉक असेल तर बदला, दहा मिनिटांचं काम आहे.

सपोर्ट रॉड नवा टाका, त्यात पैसे वाचवू नका. टिल्ट ट्यूब आतून ब्रशने साफ करून, मरीन ग्रीस लावून मगच नवीन रॉड घाला, कोरडा घातलेला रॉड दोन पावसाळ्यात असा बसतो की कापून काढावा लागतो. सिलिंडरचा दांडा नखाने तपासा. नख अडकेल असा खड्डा असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, तो खड्डा नवीन सील महिन्यात खाईल. दांडा गुळगुळीत असेल तर सील किट टाका, झालं.

आणि मग बोट चालवून बघा. दुसऱ्या सिलिंडरचा विचार त्यानंतर.

फ्लोरिडाकर
इथे मी थोडा वेगळा बोलतो. तुमची बोट रोज चार्टरला जाते, दुपारनंतर वारा सुटला की मांडव्याच्या तोंडाला चांगला खडखडाट असतो हे मला माहितीये, कॉलेजला असताना त्याच मार्गाने जायचो. दोन सिलिंडर लावले तर ओझं दोन्ही इंजिनांच्या ब्रॅकेटवर वाटलं जातं, डावं इंजिन वळवायचा जोर बारमधून जात नाही. टाय बार अर्थातच ठेवून. आणि एक सिलिंडर गेला तर दुसरा आहे ना. मी तर लावाच म्हणेन.

स्पॅनर
ओझं वाटलं जातं हे मान्य. लाटेचा, वळणाचा जोर दोन ठिकाणी विभागतो, ब्रॅकेटचं आयुष्य वाढतं. मोठी जड व्ही सिक्स इंजिनं असती किंवा बोट ४५-५० नॉट पळणारी असती तर मी आधीच म्हणालो असतो. पण एक गेला तर दुसरा आहे, हे नका सांगू लोकांना. एका सिलिंडरचं सील फुटलं तर तेल दोघांचंही जातं, पंप एक, तेल एक. एक नळी फुटली की चाक रिकामं फिरणार, सिलिंडर दोन असोत की चार. खरंच दुहेरी सुरक्षा हवी असेल तर पंपही दोन पाहिजेत, म्हणजे एकाच चाकावर टँडम पंप, दोन वेगळी तेलं, वेगळ्या नळ्या.

फ्लोरिडाकर
हो, ते बरोबर आहे तुमचं, मी घाईत लिहिलं. इथे मोठ्या बोटींना तसंच करतात. आता तर बऱ्याच ठिकाणी हा प्रश्नच मिटतोय, जॉयस्टिकवाल्या सिस्टीममध्ये प्रत्येक इंजिनाला स्वतःचा सिलिंडर, स्वतःचा पंप, सेन्सर, टाय बार नाहीच, कारण तिथे इंजिनं मुद्दाम वेगवेगळ्या कोनात वळवायची असतात. यामाहाने २०१८ ला ४२५ एचपीच्या इंजिनात इलेक्ट्रिक स्टिअरिंग आतच घातलं. मर्क्युरीच्या २०२१ च्या ६०० एचपीच्या व्ही १२ मध्ये तर वरचं इंजिन हलतच नाही, नुसता खालचा गिअरकेस वळतो, त्यामुळे समोर ना सिलिंडर ना बार. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. पण ते सगळं कॉम्प्युटरच्या भरवशावर, तुमच्या आमच्या टी लावलेल्या नळ्यांना ते लागू नाही.

दर्याची_लेक
स्पॅनरकाका, माझे दहा फेरे कसे कमी करायचे ते राहिलंच. जेट्टीला लावताना हात दुखून येतात.

स्पॅनर
ताई, गणित सोपं आहे. तुमचा एक सिलिंडर टोकापासून टोकापर्यंत साधारण १३७ सीसी तेल घेत असेल आणि पंप एका फेऱ्याला २८ सीसी देत असेल तर पाच फेरे. सिलिंडर दोन झाले, तेल २७४ सीसी, फेरे दहा. पंप ३९ सीसीचा घातला तर सात फेरे. चाक थोडं जड होईल, कारण जोर फुकट मिळत नाही, पण दोन सिलिंडरमुळे दाब विभागला गेलाय म्हणून आधीच्या एका सिलिंडरएवढं जड होणार नाही. आणि जेट्टीला लावताना दोन इंजिनं असलेल्या बोटीने चाक फिरवूच नये. चाक सरळ ठेवा, एक गिअर पुढे, एक मागे, बोट जागेवर वळते. तांडेलला हे शिकवा, खांदे वाचतील.

पंप बदलला की सगळं तेल परत भरावं लागेल, हवा काढताना पंपाचं भांडं एकदाही रिकामं होऊ देऊ नका, एकाने फक्त भांड्याकडेच बघत बसायचं. सिलिंडर असे बसवा की हवा काढायचे निप्पल वर येतील, खाली आले तर हवा आत कोपऱ्यात अडकून राहते. एक सिलिंडर पूर्ण करा, मग दुसरा. चाक टोकाला नेऊन दाबलं की उशीसारखं दबून परत येत असेल तर अजून हवा आहे. आणि तेल स्टिअरिंगचंच. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सील फुगून निकामी होतात, मग सगळं उघडा.

दर्याची_लेक
पंपाची पण ऑर्डर दिली. टाय बार उद्या येतोय.

फ्लोरिडाकर
बार लावाल तेव्हा दोघांसाठी एक अत्यंत महत्त्वाचं. लावून झालं की इंजिनं सगळ्या जोड्यांमध्ये उचलून बघा, दोन्ही खाली, दोन्ही वर, उजवं वर डावं खाली, डावं वर उजवं खाली, आणि प्रत्येक वेळी चाक दोन्ही टोकांना पूर्ण. माणसं दोन्ही खाली ठेवून तपासतात आणि समाधानी होतात. मग एके दिवशी जाळं अडकलं म्हणून एकच इंजिन उचलतात आणि सिलिंडरच्या नळीचं एल्बो फायबरवर आदळून तुटतं, भर समुद्रात.

आणि समांतर मोजल्याशिवाय बारचे नट कसू नका. दोन्ही इंजिनं सारखी ट्रिम करून प्रॉपेलरच्या वरच्या कॅव्हिटेशन प्लेटमधलं अंतर पुढे मोजा आणि मागे मोजा, दोन्ही सारखं आलं पाहिजे.

खाडीकाठ
अपडेट. डावं इंजिन आता एका हाताने फिरतं, तीन दिवस ग्रीस पाजलं. नवा सपोर्ट रॉड, नवीन टाय बार जरा जाड दांड्याचा, सिलिंडरला सील किट. दांड्यावर नख कुठेच अडकलं नाही. प्लेटमधलं अंतर मोजलं तर पुढे ६४८, मागे ६६०, म्हणजे इतकी वर्षं बारा मिलिमीटर फाकलेली पळवत होतो. आता दोन्हीकडे सारखं.

फ्लोरिडाकर, तुमचे उपकार आहेत. डावं वर, उजवं खाली आणि चाक पूर्ण उजवीकडे, एवढ्या एकाच जोडीत नवीन बारचा नट स्प्लॅशवेलच्या (इंजिनांपुढच्या, पाणी अडवणाऱ्या खोलगट जागेच्या) कडेला घासत होता. बाकी कशातच नाही. बोल्ट उलटा घालून नट दुसऱ्या बाजूला घेतला, आता दोन बोटं जागा राहते.

दुसरा सिलिंडर सध्या नाही लावत. आधी पाण्यात बघतो.

दर्याची_लेक
आमचं पण झालं. बार लागल्यावर दोन्ही इंजिनं एकदम एकत्र वळताना बघून डोळ्यात पाणी आलं खरंच, वर्षभर मी पर्यटकांना घेऊन तशीच फिरले. सव्वासात फेरे होतायत.

स्पॅनर
सव्वासात म्हणजे थोडी हवा आहे अजून. दोन दिवस तशीच उभी ठेवा, बुडबुडे वर येतील, मग एकदा परत ब्लीड करा.

खाडीकाठ
पौर्णिमेला नारळ सोडला, वारा पडल्यावर आज सकाळी ट्रायल. माणसं नाहीत, फक्त पाण्याचे ड्रम भरून वजन घेतलं. २६ नॉटला डावं इंजिन उजव्याइतकंच स्थिर. चाक दोन बोटांनी नाही पण एका हाताने आरामात. दोन्हीचे आरपीएम पूर्वी एका थ्रॉटलला दीडशेने वेगळे यायचे, आता पन्नासच्या आत. ट्रिम मुद्दाम वेगवेगळा करून बघितला तेव्हा चाक जरा जड झालं, सारखा केला की परत हलकं.

खाडीत परत आल्यावर तांडेलला घेऊन एक तास नुसता सराव केला, चाक सरळ बांधून फक्त दोन थ्रॉटलवर बोट जेट्टीला लावायची. नळी फुटलीच कधी तर घरी यायला तेच कामाला येणार. चौथ्या वेळेला नीट लागली. सीटखाली एक लिटर तेल आणि एक जादा नळी कायमची ठेवलीये.

स्पॅनर
छान वाटलं वाचून. एक काम राहिलंय, दहा तास चालली की टाय बारचे लॉक नट परत तपासा. आणि नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले लॉक नट) नवीन टाकलेत ना? जुने परत वापरायचे नसतात, एकदा उघडले की त्यांची पकड जाते.

खाडीकाठ
सगळे नवीन टाकलेत काका. अकरा तास झाले आज, पाना लावून बघितलं. तीन घट्ट होते, डावीकडचा एक पाव फेरा बसला.